होटगी रोड, रविवार

विमान माझ्या वडिलांहून दोन वर्षांनी मोठं.
हवाई दलानं मोडीत काढलेलं, कुणा हौशानं उचललेलं.
गुंडेटीमामा सकाळपासून त्याच्या पोटाखाली,
एकेक रिव्हेट बोटांनी चाचपत,
मागावर तुटलेलं सूत शोधावं तसं.

"सूत तुटायच्या आधी सैल तरी होतं," म्हणाले,
"पत्रा तेवढंही सांगत नाही."

मग ते आभाळात उलटं झालं.
लोकांच्या हातातली कडक भाकरी हातातच.
इंजिन एकदा खोकलं,
अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या,
कसरतच वाटली त्यांना.

मामांनी वर पाहिलंच नाही.
मोजत होते,
ओठांतल्या ओठांत, तेलुगूत.

उतरल्यावर पायलट पोरगं हसत म्हणालं,
पुढच्या वेळी आणखी खाली आणतो.
मामा पंखावर हात ठेवून उभे.
पत्रा तापलेला.
हात काढेनात.