चौथं नाव

सभासद कंपनी असते, माणूस नाही.
हे मला पहिल्याच वर्षी बिराजदारांनी समजावलं,
पेन्सिलीचं टोक नियम अकरावर टेकवून:
कंपनीचे गुडघे दुखत नाहीत,
ती मेली तरी आधी नोटीस देऊन मरते.
खेळतात ते तिचे नामनिर्देशित. चार.
नावं बदलता येतात. बदलीची फी वेगळी,
अधिक अठरा टक्के.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिते, अक्कलकोट रोडला,
वरच्या खोलीत, जिथे माग थांबले
की कान दुखायला लागतात.
दर एप्रिलात क्लबचा फॉर्म टेबलावर येतो.

पहिलं नाव शेठचं. ते बदलत नाही.
दुसरं धाकट्याचं; तो पुण्याला असतो,
लॉकर बावीसमध्ये त्याची काठ्यांची पिशवी
त्याच्या वतीनं हजर असते.
तिसऱ्या रकान्यात मी आजवर पाच जण बसवले, उठवले.
खोडरबर लागत नाही,
'ऐवजी' एवढा एक शब्द पुरतो.
निर्यातीचे मेहेत्रे गेले त्या महिन्यात त्यांचा फोन आला:
रविवारी गेलो होतो हो, सवयीनं.
गेटवर कार्ड लागलं नाही.
मी म्हटलं, हो सर.
दुसरं काय म्हणणार.

चौथा रकाना तीन वर्षं रिकामा.
पैसे मात्र चौघांचे.
पैसे म्हणजे तरी काय, बाराशे टॉवेल, पांढरे,
कोपऱ्यात क्लबचं चिन्ह: काठी, चेंडू आणि एक माळढोक,
जो मी फक्त त्या कोपऱ्यातच पाहिलाय.
फी आणि टॉवेलचं बिल समोरासमोर उभं करून
मी एकमेकांत वळतं करते.
शून्य येतं.
ऑडिटरला असं शून्य आवडतं.

माळढोक विणतो नरसय्या म्याकल, जॅकार्डवर.
एकदा जिन्यात थांबवून विचारलं त्यानं,
'अक्का, ह्या काठीनं पक्षी मारत्यात का काय?'

यंदा शिपाई रजेवर, मुदत संपत आलेली,
फॉर्म घेऊन मीच गेले.
रिक्षा गेटपर्यंत, पुढे पायी.
त्रेचाळीस अंश, आणि समोर ते हिरवं.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
मी काही बोलायच्या आत बिराजदार म्हणाले,
पिण्याचं नाही हो, सांडपाणी, शुद्ध केलेलं,
तुमच्या-आमच्या मोऱ्यांचं.
म्हणजे माझी खरकटी भांडी,
पाळी सुटल्यावर नरसय्यानं धुतलेले पाय,
सगळं इथवर येतं, फॉर्म न भरता,
आणि नऊ खड्ड्यांभोवती फिरतं
(दोनदा खेळले की अठरा धरतात).

बसा म्हणाले. खुर्ची व्हरांड्यात.
आतली खोली सभासद आणि पाहुण्यांची,
मी दोन्ही नव्हते, मी टपाल होते.
एक गृहस्थ उन्हातून आले, मान पुसली,
टॉवेल टोपलीत फेकला.
उठून काठ बघितला मी. शिवण पक्की होती.

मग तिथेच, मांडीवर फॉर्म ठेवून, चौथ्या रकान्यात लिहिलं:
म्याकल नरसय्या राजय्या.
हुद्दा: डिझाइन विभाग.
खोटं नाही ते.

बिराजदारांनी चष्मा वर केला, खाली केला.
'शेठची सही?'
सही आधीचीच होती. शेठ कोऱ्यावर करतात.
शिक्का बसला.

जूनमध्ये कार्ड आलं. जेवणाच्या सुट्टीत दिलं त्याला.
त्यानं उलटसुलट केलं, अंगठ्यानं कड तपासली.
'हे कुठं लागतंय?'
गेटवर, म्हटलं.
हसला. खिशात टाकलं.

आता फणीत अडकलेला तूस तो त्यानं काढतो.
जाड आहे, म्हणतो, वाकत नाही.
मुदत एकतीस मार्चपर्यंत.