दोन बोटांची जागा

अंबड रस्त्याला, मोडलेल्या मोसंबीच्या बागेत
टायर रचलेत, पिंपं आडवी टाकलीत,
आणि पत्र्याच्या खोलीत मी, कलिंदा.
बावीस मास्क, बावीस जाकिटं,
गळपट्ट्या अठराच. चार उंदरांनी खाल्ल्या.

सकाळी काचा पुसते
जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं.
पदरानं नाही, पदराला धूळ असते,
ओरखडा उठतो,
मग समोरचा माणूस चिरलेला दिसतो.
स्पंज वेगळा काढून रिठ्याच्या पाण्यात.
कालच्याचा घाम
आजच्याच्या कपाळाला लागू नये,
एवढं माझं काम.
बाकी लढाईबिढाई ताहेरभाई बघतात.

एप्रिलात जाकीट कुणालाच नको असतं.
"मावशी, शिजायलोत की आत!"
मी बाही वर करते,
दंडावरचा काळपट रुपया दाखवते.
कामाला लागले त्याच दिवशी म्हणलं होतं,
मारा एक, कळू तर द्या काय लागतं ते.
तेव्हापासून माझं ऐकतात.
ओला रुमाल मानेवर, त्यावर गळपट्टी.
गुडघ्याचं पॅड पँटीच्या आतून, नाहीतर घसरतं.
आणि मास्कचा पट्टा
दोन बोटं जातील एवढाच आवळायचा,
जास्त आवळला की कानशिलं ठणकतात.

रविवारी सळईच्या कारखान्यातली पोरं आली,
मालकाच्या खर्चानं, वर्षातून एकदा.
त्यांच्यात मुंजाजी थोराड.
"दोन बोटं" म्हणल्यावर हसला,
उजवा हात पुढं केला.
नेमकी दोनच नव्हती.
"रोलिंगला दिली. आता कुणाची घालू?"

पंखा तेवढा कुरकुरत होता.
मी माझी घातली
त्याच्या कानामागून, पट्ट्याखाली.
केस धगीनं राठ झालेले.
"बसलं?"
"बसलं."

मग त्यानं हातमोजा चढवला.
रिकामी दोन लोंबत राहिली.
उलटा, सुलटा, बराच वेळ बघितला.
"खेळाला देता हे?"
"खेळालाच."
"बरंय."

तासाभरानं परतले सगळे, निळे-पिवळे,
मास्क निघाले तशा नाकांवर लाल रेघा.
मुंजाजी हात वर धरून पळत आला.
गोळी फुटली होती
रिकाम्या बोटावरच.
"मावशी, लागलंच नाही!"
पोरं पोट धरून हसली. मीही.

दिवस कलल्यावर हातमोजे उलटे केले.
त्या दोन बोटांत घाम नव्हता.
तरी धुतली.