सहावं रीळ

चाबीवाला डावखुरा की उजवा,
यावर तीस वर्षं चहा निवतोय.
कन्ना चौकाच्या अलीकडं, माझ्या दुकानापुढच्या बाकावर
पाळी सुटली की तिघं येतात.
कानांत माग अजून खडखडत असतो,
म्हणून साधं बोलणंही ओरडून.

नरसय्या गाजूल म्हणतो,
पहिल्या भागात विहिरीत बुडला तेव्हा तो सात वर्षांचा.
पाचव्यात त्याची आई सांगते,
हा जन्मला त्या रात्रीच विहीर बुजवली.
मग बुडला कशात बे? तुझ्या पाण्याच्या टाकीत?
दस्तगीर म्हणतो, आई खोटं बोलते.
चिप्पा म्हणतो, ती आईच नाही, मावशी आहे,
नीट बघ, कानात कुड्या नाहीत.
सातव्यात जळाला.
आठव्यात दाढी घोटून आला.
"लेखक बदलला," दस्तगीर म्हणतो,
जसं म्हणावं, मुकादम बदलला.

"आडवे रंग कितीही घाल," गाजूल बाकावर बोट आपटतो,
"ताणा एक पाहिजे.
ताणा तुटला की चादर नाय, चिंधी."

पण भांडण शेवटी तिच्यापाशीच येतं,
त्याच्या मुक्या बहिणीपाशी.
तिसऱ्या भागात ती मेली.
पुण्यात मेली, गुलबर्ग्यात मेली,
सोलापुरात नाही मेली.
इथं ती कंदील घेऊन जिना चढत होती
आणि पापणी लवते तोच सकाळ, जीप, पंचनामा.
चौथ्यात तिची कबर दिसली
तेव्हा सगळं टॉकीज उभं राहिलं.
अकरा खुर्च्या मोडल्या.

चिप्पाच्या पोरानं परवा मोबाइलवर काढून दिलं,
बघा काका, हे बघा, मरते.
गाजूलनं फोन पालथा ठेवला.
"मी पैसे देऊन पाहिलाय."
त्याच्या हिशेबानं नवव्या भागात मुखवट्याआड तीच आहे.
चाब्यांना चिंधी गुंडाळलेली असते,
एवढं सुचणार बाईलाच.

मी भाकऱ्या मोजते.

अप्पा ऑपरेटर होते.
आई विडीच्या कारखान्यात, मला ताप,
म्हणून तीनच्या खेळाला मी केबिनमध्ये, स्टुलावर,
कार्बनच्या वासात, भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावून.
कंदील जिना चढू लागला तेव्हा विचारलं,
अप्पा, ती मुकी आहे ना,
मग हाक कशी मारणार?

अप्पांच्या हातात सहावा डबा होता.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
डबा खाली ठेवला, सातवा उघडला.

मालकाला म्हणाले, आलाच नाही, एसटीत राहिला असंल.
पगारातून किती महिने कापले ते आईला माहीत.

फीत गच्चीवर गेली,
सांडग्यांवरचे कावळे हाकायला, दोरीला बांधून.
चव्वेचाळीस अंशांत लखलखायची.
एक तुकडा मी उन्हाकडं धरायची:
बहीण, खाली बहीण, त्याखाली बहीण,
तीच पायरी, तोच कंदील.
हातभर फितीत तिचं एक पाऊलसुद्धा पडत नव्हतं.
उरलेलं कावळ्यांनी पाहिलं.

अप्पा गेले. टॉकीजचं मंगल कार्यालय झालं.
डबा आहे.
गोल, चपटा, झाकणावर रंगानं सहाचा आकडा.
माझ्या हातची कडक भाकरी त्यात नेमकी बसते,
सादळत नाही.

काल दस्तगीरनं विचारलंच,
"नागू, तू तर ऑपरेटरची पोरगी. खरंच आला नव्हता का डबा?"
मी म्हटलं, चटणी संपलीय काय तुमची?
आणि तोच डबा पुढं केला,
आकड्यावर तळवा ठेवून.

चिप्पा म्हणाला, दहावा येतोय म्हणे दिवाळीला.
सगळं पहिल्यापासून.
बहीण ठेवलीच नाही म्हणे त्यात.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग गाजूलनं भाकरी मोडली,
कट्‌,
आणि अर्धी माझ्याकडं सरकवली.