इतर, नमूद करा

ग्रिम्सबीत साडेसातला रात्रपाळी सुरू होते.
छापील कागद चार घड्या घालून खिशात:
अठ्ठावीस खाटा, अठ्ठावीस ओळी,
ओळीच्या टोकाला एकेक आकडा.
लाल आकड्यांकडे आधी जायचं.
हिरव्यांनी वाट बघायची.

चाकांवरच्या कॉम्प्युटरला मी म्हातारी म्हणते,
मारिसेल म्हणते लोला. अर्थ एकच.
एक चाक कुरकुरतं,
पहाटे तीनला बॅटरी मान टाकते.

माझं तिच्याशी वैर नाही.
गेल्या हिवाळ्यात वॉर्डात दोन हॅरिसन होते,
एकाला पेनिसिलिन चालत नव्हतं,
आणि सिरिंज माझ्या हातात होती.
मनगटावरचा पट्टा वाचून ती किंचाळली.
त्या रात्री तिचा पडदा मी पुसला
आई खंडेनवमीला शिलाई मशीन पुसायची, तसा.
फक्त झेंडू नव्हता.

चौदा नंबर. वॉल्टर ब्लँचर्ड, वय एक्याऐंशी.
गोदीवर जाळी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं.
रात्रभर बोटं चादरीच्या काठाशी,
गाठ, ओढ, गाठ.
पहिल्या दिवशी मी यादीतून निवडलं, 'गोंधळलेला'.
आकडा उडाला, डॉक्टर धावले, वैतागले.
मग मी वॉल्टरलाच विचारलं.
"भोक पडलंय," तो म्हणाला, आणि दाखवलं.
मला दिसलं नाही. मी मान हलवली.

आज दोन वाजून दहा मिनिटांनी हात थांबलेले.
नाडी ठीक. ऑक्सिजन ठीक. ताप नाही.
आकडा एक. हिरवा.
पुढची तपासणी सहा वाजता, म्हातारी म्हणाली.
वर्तन: शांत, झोपलेला, अस्वस्थ, गोंधळलेला.
यादी खाली सरकवत गेले,
तळाशी, जिथे कुणी जात नाही,
'इतर, नमूद करा'.
दोनशे अक्षरांची खिडकी.

लिहिलं: जाळं थांबलंय.
पुसलं. हे कोण वाचणार?
लिहिलं: हातांची नेहमीची हालचाल बंद.
शेजारी एक छोटा चौकोन होता,
'परिचारिकेला काळजी वाटते'.
कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी भांडून
हा चौकोन ठेवून घेतला असेल.
बाई असो की बाप्या, तिचं-त्याचं भलं होवो.
मी खूण केली.

डॉक्टर इदोवू जांभई देत आले,
हिरव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग त्या हातांकडे.
रक्त घेतलं. सलाईन लावलं.
साडेतीनला आकडा पाच.
चारला सात, पडदा लालेलाल,
म्हातारी कोकलत सुटली
तेव्हा आम्ही तिथे उभ्याच होतो.

पाचला त्याला वर नेलं.
खाट काढताना चादरीच्या काठाला
सोळा गाठी मोजल्या.
लॉन्ड्रीला गाठी चालतात, तसा नियम नाही काही.
तरी मी सोडवत बसले.
एकही सुटली नाही.

सकाळी सही करताना पडदा अडला:
वेळेआधी तपासणी का केली? कारण निवडा.
रिकामं ठेवता येत नाही.
सगळी यादी पुन्हा उतरले, तळापर्यंत,
आणि या वेळी पुसलं नाही.
जाळं, लिहिलं.

क्षणभर चक्र फिरलं.
नोंद जतन झाली.