तेरा अंश

सावद्याच्या पॅकहाउसात मी फण्या निवडतो.
कॅलिपरच्या दोन ओठांत केळ्याची जाडी धरायची,
बसलं तर पुढे, नाही बसलं तर बाजूच्या ढिगात.
बोटांना चीक लागतो, तो जात नाही.
रॉकेल, लिंबू, राख, सगळं करून पाहिलं,
नखांच्या कडेला काळी किनार राहतेच.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्या बोटांकडे पाहिलं
आणि हिमानीच्या आईला खुर्ची पुढे घ्यायला सांगितलं.
"लेन्स तुम्ही घालायची."

नऊ वर्षांची पोर. उणे पावणेचार.
गेल्या वर्षी अडीच होता.
बाई म्हणाल्या, डोळा लांबट होतोय,
अंगासोबत तोही वाढतोय, जरा जास्तच.
वाढ म्हणजे चांगलंच, असं मी आजवर धरून चाललो.
घरी दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत,
मागच्या रेघेहून पुढची किती वर गेली,
त्यावर आम्ही भांडतोसुद्धा.

"घरात कुणाला लांबचं कमी दिसतं?"
"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"लेन्सनं बरं होईल?"
"नाही. वाढ हळू होईल.
किती हळू, ते आज सांगता येणार नाही."
उज्ज्वला पर्सच्या चेनशी खेळत राहिली.
मला मात्र कळलं.
आमच्याकडे तेरा अंशांची खोली आहे.
आत हिरवा माल ठेवतो.
तो पिकायचा थांबत नाही,
बोट लागेपर्यंत धीर धरतो, इतकंच.
हे मी बोललो नाही.
लेकीच्या डोळ्याला केळ्याची उपमा
बापानं कुठल्या तोंडानं द्यावी?

आता सकाळी सहा-वीसला दोघी बेसिनपाशी.
मिरच्या खुडायचं काम माझ्याकडे आलंय,
कारण उज्ज्वलाच्या बोटांना सकाळी फक्त साबण चालतो.
"वर बघ. पालीकडे बघ."
पाल नसते. हिमानी बघते.
बोटाच्या टोकावर पाण्याच्या थेंबाची वाटी,
काठ वर आलेला असला तर सुलट,
बाहेर पसरला तर उलट.
पहिले आठ दिवस रडणं.
नवव्या दिवशी तिनं आईचा हात बाजूला केला
आणि स्वतःच घातली,
वेणी सोडवावी तितक्या सहज.

रोजची जोडी रोज फेकायची.
एका जोडीला किती क्रेट, हा हिशोब
मी डोक्यात सुरू करतो आणि अर्ध्यात सोडतो.

परवा एक पडली.
मोरी, फरशी, बादलीची कड, मोबाईलचा टॉर्च.
मी गुडघ्यांवर, हिमानीही गुडघ्यांवर.
"तू ऊठ, तुला कुठे दिसतंय," मी म्हणालो.
ती फरशीला नाक लावून सरकत सरकत आली
आणि माझ्या अंगठ्यापाशी थांबली.
"पप्पा, पाय हलवू नका."
नाकासमोरचं तिला आम्हा दोघांपेक्षा स्वच्छ दिसतं,
हे आम्ही विसरूनच गेलो होतो.
सापडलेली लेन्स अर्थात टाकून दिली.
खाली पडलेली पुन्हा डोळ्यात नाही, हा नियम तिनंच सांगितला.

सहा महिन्यांनी नंबर पावानं वाढला.
"बघू पुढे," बाई म्हणाल्या.
आणि रोज दोन तास उजेडात, उघड्यावर.

केळीच्या बागेत नेलं, तर तिथे लांब असं काही नसतं.
पानामागे पान, चार हातांवर जग संपतं.
म्हणून कालव्याच्या पुलावर जातो, शाळा सुटल्यावर.
उत्तरेला सातपुडा.

"पप्पा, वरच्या धारेवर झाडं आहेत."
"आहेत ना."
"एक वाकडं आहे."
"हो."
ती मोजायला लागली. सत्तरच्या पुढे चुकली,
पुन्हा एकपासून.

मला सगळा डोंगर एकच निळा.
लहानपणापासून निळाच.
डोंगर असाच असतो, असं मला वाटायचं.
तिचं बोट जिकडे जाईल तिकडे बघत
मी हो हो म्हणत राहिलो.