कारण निवडा

तळघरात, रक्तपेढीला लागून, माझी खोली.
पडद्यावर चार मजले आणि त्यांत फिरणारे ठिपके:
निळे पंप, पिवळ्या खुर्च्या, हिरवी माणसं.
कुठलं सिलिंडर कुठं आहे, मला माहीत.
सुलताना सिस्टर रात्रीतून किती वेळा सात नंबरच्या खाटेपाशी जातात, तेही.
ते कुणी विचारलेलं नाही. मी सांगतही नाही.

सतरा नंबरची खुर्ची तेवढी हरवलेली.
शेवटचा ठिपका रंकाळ्याकडच्या लिफ्टपाशी,
गेल्या अमावास्येचा.

सात नंबरला पद्माण्णा मगदूम, हुपरीचे.
पन्नास वर्षं चांदीच्या पैंजणांना डाग दिलेला हात.
त्यावर टॅग बांधला, तर उलटासुलटा करून म्हणाले,
"डाग कच्चा हाय रं. आणि घुंगरू कुठाय?
कोण चाललंय ते कळायचं कसं?"
म्हटलं, वाजतोय, आपल्याला ऐकू येत नाही.
"मग वाजतोय कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांचा ठिपका विझला.
मी जिने धावत चढलो.
म्हातारा खाटेवर मांडी घालून,
हात मनगटापर्यंत भाकरीच्या स्टीलच्या डब्यात,
वरून झाकण दाबलेलं.
"गेलो का न्हाई तुझ्या टीव्हीतनं?"
सून तोंडाला पदर लावून हसत होती.
धातूतून लहरी जात नाहीत,
हे मी पुस्तकात वाचलेलं.

गुरुवारी पहाटे ठिपका हलेना.
पण झोपेतही तो हलत नसेच.
सुलताना सिस्टरांचा ठिपका धावला, मग आणखी दोन,
मग एक निळा पंप,
मग सगळे सावकाश पांगले.
फोन यायच्या आधी मला कळलं.

टॅग कापायचा राहून गेला.
साडेनऊला गाडी फाटकाबाहेर पडली आणि
माझ्या खोलीत, मेट्रनच्या टेबलावर, वॉचमनच्या केबिनमध्ये
एकदम वाजायला लागलं:
रुग्ण विनापरवाना बाहेर.
दौलू वॉचमन शिट्टी तोंडात धरून रस्त्यात आडवा झाला.
काचेतून आत बघितलं, टोपी काढली.
शिट्टी तशीच तोंडात.

आवाज बंद करायला यंत्र कारण मागतं.
घरी सोडले. दुसरीकडे हलवले. चुकीचा इशारा.
चौथं काही नाही.
मी बोट उचलून धरलं,
आणि वाजू दिलं,
गाडी उचगावच्या पुलाकडं लागली असेल
तोवर.