तासांची वही

आळेफाट्याचा डीलर फोनवर म्हणाला,
पस्तीस एचपी, बाराचं मॉडेल, टायर निम्मे गेलेले,
सगळं मिळून तीन दहा.
घरातलंच घेताय तर पावणेतीनपासून सुरू करा,
नात्यातली माणसं ताणून धरत नाहीत.

काका शेडच्या तोंडाशी, उन्हात खुर्ची ओढून,
गुडघ्याला पट्टा.
म्हणाले, शैले, आधी खोडी ऐक.
हायड्रॉलिक रात्रीतून खाली बसतं.
दुसऱ्या गिअरला हात डावीकडून न्यायचा,
सरळ नेलास तर ओरडतो.
रोटाव्हेटरची नऊ पाती मंचरच्या लोहाराची,
कंपनीची नाहीत.
ब्लोअरची टाकी एका अंगाला चिरलीय,
आतून फायबर लावलंय, बाहेरून दिसत नाही.
दिसत नाही म्हणून सांगतोय.

विकणारा खोडी सांगतोय, घेणारी गुण.
मी म्हटलं, इंजिनाचा आवाज अजून कोरा आहे.
ते म्हणाले, आवाजावर जाऊ नको, तेल पितं.
मी म्हटलं, तीन दहा.
ते म्हणाले, अडीच.
हौसाकाकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या,
भांडताय का लाडात आलाय, तेच कळंना.

मोशीहून हर्षलचा फोन.
पप्पा, मोबाइलवर असलेच साडेतीनला लागलेत.
काकांनी फोन मांडीवर पालथा घातला.
पण हर्षल खोटं बोलत नव्हता,
आणि गुडघ्याचं बिल त्याच्याच खात्यातून गेलंय.

राहिला मीटर.
चार हजार एकशे सहा तासांवर मेलेला.
बंद मीटरचे वीस हजार डोळे झाकून कापा,
असं डीलरने बजावलं होतं.
काकांनी सीटखालून पिशवी काढली,
पिशवीतून एक जाडी वही, डिझेलच्या वासाची.
मीटर थांबला त्या दिवसापासून
पेन्सिलीने लिहिलेला एकेक तास.
वरचा मळा, कांद्याला सरी, ३.
पाटाकडची पट्टी, ५.
भुजबळांचं भाडं, २, पुढे रुपये, जमा.
मी पानं उलटत बेरीज करत गेले
आणि मध्येमध्ये नुसतं एक अक्षर.
ना. ४.
ना. साडेसहा.
ना. रात्री, २.
पुढे रुपयांची जागा कोरी.

ना कोण?
तुझा बाप, म्हणाले. नाना लिहायला कुठं वेळ होता.

नऊशे अडतीस तास आमच्या रानात.
आता घसारा काढायचा कसा?
हे टायर आमच्या मुरमावर गुळगुळीत झाले,
क्लचप्लेट गेली ती आमच्या चढाला.
जी झीज बोटाने दाखवून मी भाव पाडणार
तिचा तिसरा हिस्सा
माझ्याच बांधाच्या आत पडलाय.

मी म्हटलं, तीन चाळीस.
काकांचा चेहरा पहिल्यांदा उतरला.
भावाला दिलेलं भाड्यात लावू नको.
लावायचं असतं तर तेव्हाच लावलं असतं.
लोखंडाचे दे, लोखंड जेवढं उरलंय तेवढ्याचे.

मग पंचांगामागे हिशेब मांडला.
डीलरचे तीन दहा.
टाकीचे नऊ हजार वजा, पात्यांचे सहा.
मीटरचे काही नाही, कारण वही आहे.
दोन लाख पंच्याण्णव.
दोघांनी सह्या केल्या, हर्षलला फोटो धाडला,
त्याचा अंगठा आला, उशिरा.

वही परत करू लागले तर म्हणाले,
ती गाडीबरोबर जाते.

फाटकापाशी मी हात सरळ नेला.
ओरडला.
आणि शेडमधून तेही ओरडले, डावीकडून!

घरामागचे दहा गुंठे त्यांनी भुईमुगाला ठेवलेत.
गुरुवारी तिथे फणणी करून आले.
वही उघडली, पेन्सिल ओली केली, लिहिलं
का. सव्वा तास.